सातासमुद्रापलीकडून आलेला खेळ

मुलांनो, तुमच्या घरी मोबाईलचा चार्जर आहे ना? तो आधी बोर्डातून काढा, मग उलटा करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. अक्षरं इतकी बारीक असतात की आजोबांचा चष्मा मागावा लागेल! त्यात ‘इनपुट’ असा शब्द सापडेल आणि त्याच्यापुढे बहुतेक ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असेल. सापडलं? ही ओळ लक्षात ठेवा. अशीच एक ओळ न वाचल्यामुळे आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाने चार महिने एक गुपित पोटात ठेवलं होतं. त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारूनच ही हकिकत सांगते आहे. नाव मात्र सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. वर्गात “कोणाचे बाबा, काका, मामा बोटीवर आहेत?” असं विचारलं की भराभर हात वर होतात. या मुलाचे बाबाही मालवाहू जहाजावर खलाशी आहेत. एकदा गेले की आठ-नऊ महिने घरी येत नाहीत. गेल्या वर्षी त्यांचं जहाज जपानमध्ये योकोहामा बंदराला लागलं होतं. किनाऱ्यावर उतरायला थोडे तास मिळाले. तेवढ्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांना गेमचं एक यंत्र दिसलं. करड्या रंगाचं, वर जांभळट बटणं नाहीत, ती अमेरिकेतल्या यंत्राला. याच्या हातातल्या पॅडवर लाल, पिवळी, निळी, हिरवी अशी चार बटणं. नाव सुपर फॅमिकॉम.

हे यंत्र निंटेंडो कंपनीने २१ नोव्हेंबर १९९० या दिवशी जपानमध्ये विकायला आणलं. तेव्हा त्याची किंमत २५,००० येन होती. त्याच्या आधीचं यंत्र नुसतं ‘फॅमिकॉम’. ते १५ जुलै १९८३ ला आलं, १४,८०० येनला. तुमच्या आईबाबांना विचारून पाहा, त्यांच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात खुपसायच्या पिवळ्या, काळ्या ‘कॅसेट’ होत्या की नाही? त्यांतली कितीतरी यंत्रं या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. त्या मुलाचे बाबा लहान असताना शेजारच्या घराच्या खिडकीत उभं राहून तो खेळ बघायचे. आता दुकानात खरं यंत्र समोर दिसल्यावर त्यांचा पाय निघेना.

त्यांनी ते घेतलं. सोबत तीन कॅसेट घेतल्या. किती येन पडले ते त्यांनी घरी अजून सांगितलेलं नाही!

जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानात काही वस्तूंवर ‘जंक’ अशी चिठ्ठी लावतात, बरं का. म्हणजे ‘आम्ही चालवून पाहिलेलं नाही, नाही चाललं तर परत आणू नका.’ अशा वस्तू स्वस्त असतात. बाबांनी जहाजावर बरेच दिवस काम केलेलं, त्यामुळे इतपत त्यांना माहीत होतं. त्यांनी जंक सोडून थोडं महाग, तपासलेलं यंत्र घेतलं. दुकानदाराने दुकानातल्या टीव्हीला जोडून दाखवलं. चित्र आलं, आवाज आला. बाबा खूश.

आता ते घरी कसं आणायचं? पार्सलने पाठवावं असं आधी त्यांच्या मनात होतं. त्यांनी एका खाजगी कुरिअरकडे चौकशी केली, तर पैसे वजनाचे नाहीत, खोक्याच्या आकाराचे सांगितले. हे गणित आपण करून पाहू. पुष्कळ कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ५,००० ने भागतात. समजा खोकं ४० × ३० × २० आहे. गुणाकार २४,०००. भागिले ५,००० म्हणजे ४.८. झालं! आत वस्तू दोनच किलोची असली तरी पैसे ४.८ किलोचे. खोक्यात भरलेल्या हवेलाही विमानात जागा लागते ना!

शिवाय पार्सल देशात आलं की कस्टमवाले ते बघतात. कर बसतो तो फक्त वस्तूच्या किमतीवर नाही. ती आणण्याचा खर्च आणि विमा हेही त्या किमतीत मिळवतात. कोणीतरी बाबांना सांगितलं, “वर ‘गिफ्ट’ असं लिहून टाक, सुटतं.” हा सल्ला तुम्हीही कधीतरी ऐकाल. तो चुकीचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद केली. अपवाद दोनच ठेवले: एक, जीव वाचवणारी औषधं आणि दुसरा... ओळखा पाहू? राखी! हो, परदेशातल्या बहिणीने पाठवलेली राखी. पण नुसती राखीच. राखीच्या पाकिटात गेम घातला तर त्याला कर भरावाच लागणार. आणि खोटी किंमत लिहिणं हा तर सरळ गुन्हा.

शेवटी बाबांनी ते सोबत आणायचं ठरवलं. इथेही खलाशांची एक गंमत आहे. सरकारच्या २०१६ च्या बॅगेज नियमांत जहाजाच्या किंवा विमानाच्या कर्मचाऱ्याला कामावर असताना चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं अशा किरकोळ वस्तूच करमुक्त आणता येत होत्या, त्याही फक्त १,५०० रुपयांपर्यंत. मात्र करार संपवून, हिशेब चुकता करून तो घरी निघाला की तो इतर प्रवाशांसारखाच. बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला त्या नियमांत ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त होतं. हे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून तुमच्या घरी कोणी येणार असेल तर त्या वेळचा नियम मोठ्यांनी बघायचा. बाबांनी पावती जपून ठेवली होती. करार संपला, जहाज सोडलं, विमानाने मुंबईला उतरले, आणि टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र गणपतीच्या आठ दिवस आधी घरी पोचलं.

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. पैसे, पावती, कस्टम, प्रवास, कशातच चूक नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा वाडीत सगळ्यांना भेटायला बाहेर पडले. “मी आलो की लावू,” म्हणाले. आता तुम्हीच सांगा, तुम्ही थांबला असतात का? मी तरी थांबले नसते. यंत्राच्या अडॅप्टरला दोन चपट्या पाती होत्या, जपानी पद्धतीच्या. आपल्या बोर्डाला गोल भोकं. मुलगा पळत नाक्यावर गेला आणि तीस रुपयांची पिन घेऊन आला. तीच ती, जिच्यात कुठलीही परदेशी पिन बसते. ती लावली, अडॅप्टर बसवला, बटण दाबलं. आधी गुणगुण झाली. मग जळका वास. मग अडॅप्टरच्या फटीतून धुराची बारीकशी रेघ. त्याने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि वास जावा म्हणून देवासमोर तीन उदबत्त्या लावल्या. आईला वाटलं, बाबा आले म्हणून मुलगा देवाच्या पाया पडतोय.

बाबा आले तेव्हा तो म्हणाला, “आपल्या टीव्हीला ही वायर लागत नाही. दुसरी आणावी लागेल.” गणपती आले, गेले. बाबा विचारत राहिले आणि तो “वायर मिळाली नाही” म्हणत राहिला. दसऱ्यानंतर बाबा पुन्हा जहाजावर गेले. मग फोनवर विचारायचे, “खेळतोस ना रे?” आणि हा म्हणायचा, “हो बाबा, मस्त आहे.”

जानेवारीत वर्गात मी वीज शिकवत होते. फळ्यावर २३० व्होल्ट लिहिलं. तास संपल्यावर हा मागे थांबला. म्हणाला, “बाई, शंभरचं दोनशेतीसला लावलं तर काय होतं?” एवढं विचारून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं बाहेर आलं.

काय झालं होतं ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे घरात वीज येते २३० व्होल्टने. अमेरिकेत ती १२० व्होल्टने येते, आणि जपानमध्ये १०० व्होल्टने. पाण्याच्या टाकीची उंची वाढली की नळाला जोर वाढतो ना, व्होल्ट म्हणजे साधारण तसा विजेचा जोर. सुपर फॅमिकॉमच्या अडॅप्टरच्या पट्टीवर छापलेलं होतं: ‘१०० व्होल्ट’. बस्स, एवढंच. तुमच्या चार्जरसारखं ‘१००-२४०’ नाही. त्या अडॅप्टरच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. मोठ्या वेटोळ्यात १०० व्होल्ट शिरतात, लहान वेटोळ्यातून थोडेसे बाहेर पडतात. त्याला २३० दिले की तार भयंकर तापते. एक साधं गणित सांगते. १०० व्होल्टच्या बल्बला २३० व्होल्ट दिले, तर त्यात दर सेकंदाला पाचपटीहून जास्त उष्णता तयार होऊ लागते. २.३ गुणिले २.३ करून पाहा.

आणि ती तीस रुपयांची पिन? ती फक्त आकार बदलते. चपट्या पात्यांना गोल भोकात बसवते, इतकंच. व्होल्ट जसेच्या तसे राहतात. व्होल्ट कमी करायला वेगळं यंत्र लागतं, त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तो चांगला जड असतो, हातात घेतला की लगेच कळतं. माझ्या मते तर त्या पिनेच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं की ‘हिने व्होल्ट बदलत नाहीत’. पण नाक्यावर ती पाकिटाशिवायच मिळते.

(जाता जाता जपानची एक गंमत. तिथे व्होल्ट सगळीकडे १००, पण देशाच्या पूर्व भागात विजेची कंपनं सेकंदाला ५० आणि पश्चिम भागात ६०! कारण १८९० च्या दशकात टोकियोने जनित्रं आणली जर्मनीहून आणि ओसाकाने अमेरिकेहून. परदेशातून यंत्र आणताना तेव्हा कोणी एकमेकांना विचारलं नाही. ते दोन भाग अजून जुळलेले नाहीत. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे नेता आली नाही.)

मी मुलाला म्हटलं, “अडॅप्टर गेला. यंत्र गेलंय की नाही ते आपल्याला अजून माहीत नाही. पण आधी बाबांना सांगायचं.” तो म्हणाला, “बाई, तुम्ही सांगा.” मी नाही म्हटलं. दोन दिवस त्याने काढले. तिसऱ्या दिवशी जहाजावरून फोन आला तेव्हा त्याने सांगून टाकलं. बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुकानात माणसाने लावून दाखवलं, तेव्हा मी टीव्हीकडेच बघत होतो. ती पट्टी मीपण नाही वाचली.” आणि मग विचारलं, “हाताला नाही ना लागलं?” चार महिन्यांनी आपल्याला हाताचं विचारतील असं त्याला वाटलं नव्हतं. हे तो मला सांगताना हसत होता, पण आवाज निराळा होता.

पुढच्या रविवारी त्याच्या आईबरोबर तो तालुक्याला गेला. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी मीटर लावून पाहिलं. अडॅप्टरचं वेटोळं जळलेलं होतं, पण यंत्र जिवंत होतं! जळणारा अडॅप्टर स्वतः मेला आणि यंत्राला वाचवून गेला. काकांनी आपल्या विजेवर चालणारा दुसरा अडॅप्टर शोधला. त्यातही एक मेख होती. अडॅप्टरच्या गोल टोकाच्या मधोमध अधिक असतं की उणे, हे पट्टीवर एका छोट्या चित्रात दाखवलेलं असतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मध्ये अधिक असतं. सुपर फॅमिकॉमला मध्ये उणे लागतं. व्होल्ट बरोबर आणि हे उलट, असं झालं तरी घोटाळाच. हे काम काकांसारख्यांनीच करायचं, बरं का. २३० व्होल्टशी घरी प्रयोग करायचे नाहीत. आमच्या मुलाचं नशीब चांगलं म्हणून त्या दिवशी धुरावर भागलं.

यंत्र घरी आलं, टीव्हीला जोडलं. चित्र आलं, पण काळं-पांढरं! आता हे काय? तर विजेसारखी टीव्हीचीही वाटणी झालेली होती. जपान आणि अमेरिकेने ‘एनटीएससी’ नावाची पद्धत घेतली. तिच्यात चित्राच्या ५२५ रेघा आणि सेकंदाला ६० झलका. भारताने १९८२ मध्ये, एशियाड खेळांच्या वर्षी, रंगीत टीव्ही सुरू केला तो ‘पॅल’ पद्धतीचा. त्यात ६२५ रेघा, पण सेकंदाला ५० झलका. त्यामुळे एका पद्धतीचा रंग दुसऱ्या पद्धतीच्या टीव्हीला कळत नाही. आणखी एक मजेची गोष्ट. गेममधला पळण्याचा वेग या झलकांवर बांधलेला असायचा. म्हणून त्या काळी पॅलवाल्या देशांतले पुष्कळ खेळ जपानपेक्षा सहाव्या हिश्शाने संथ चालायचे. सोनिक नावाचा निळा साळिंदर १९९१ मध्ये आला, तोही युरोपात जरा दमल्यासारखाच पळत होता. बिचाऱ्या तिथल्या मुलांना वाटे, तो असाच पळतो!

आपल्या मुलाने मग टीव्हीच्या मेनूत शिरून ‘कलर सिस्टिम’ असं लिहिलेली जागा शोधून काढली. तिथे ‘पॅल’ होतं. त्याने ‘ऑटो’ केलं आणि रंग आले. हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं, काकांनीही नाही. मला तर ती जागा माहीतच नव्हती.

एक अडचण त्याच्या वाट्याला आली नाही, पण तुमच्या येऊ शकते. ती म्हणजे कुलूप. एका देशाची कॅसेट दुसऱ्या देशाच्या यंत्रात चालू नये म्हणून कंपन्या मुद्दाम कुलूप घालत. कारण वेगवेगळ्या देशांत किंमत वेगळी, खेळ बाजारात येण्याचा दिवस वेगळा, विकणारे व्यापारी वेगळे. फॅमिकॉम १९८५ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा त्याच्या कॅसेटला ६० ऐवजी ७२ पिना झाल्या. त्यांतल्या चार कुलपाच्या चिपसाठी होत्या. एक चिप यंत्रात, एक कॅसेटमध्ये. दोघी सतत एकमेकींशी बोलत राहायच्या. बोलणं जुळलं नाही की यंत्र सेकंदाला एकदा बंद-चालू, बंद-चालू! सुपर फॅमिकॉमच्या अमेरिकन भावंडात तर आणखी साधी युक्ती होती: कॅसेटच्या खाचेत प्लॅस्टिकचे दोन दात. जपानी कॅसेट त्यांना अडायची. लोकांनी पकडीने ते दात मोडले आणि कुलूप उघडलं!

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. निंटेंडोचं २०१७ चं ‘स्विच’ कुठल्याही देशाची कॅसेट चालवतं. पण ५ जून २०२५ ला ‘स्विच २’ आलं तेव्हा जपानमध्ये ते दोन प्रकारचं होतं. एक ४९,९८० येनचं आणि दुसरं ६९,९८० येनचं. वीस हजार येनचा फरक का? तर स्वस्त यंत्राची भाषा फक्त जपानी, आणि त्यावर जपानमधलंच खातं चालतं. कोणाचे मामा ते स्वस्त म्हणून उचलून घेऊन आले, तर घरी खोकं उघडल्यावर काय होईल, याचा विचार करा. हातात बसणारं, बॅटरीवालं यंत्र सोबत आणणाऱ्यांनी अजून एक बघायचं. सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक विमानात जवळच्या बॅगेत ठेवायची, खाली सामानात टाकायची नाही. ती पेटली तर निदान कोणाच्या लक्षात तरी येते. आणि जुन्या यंत्राची बॅटरी फुगलेली दिसली तर ते यंत्र घ्यायचंच नाही.

आपल्या मुलाकडच्या तीन कॅसेटपैकी दोन उड्या मारायच्या खेळांच्या आहेत. त्यांना भाषा लागत नाही. तिसरी मोठ्या गोष्टीची. तिच्यात पात्रं बोलतात, गावं आहेत, राजे आहेत, आणि सगळं जपानीत. ती सुरू केल्यावर पडद्यावर तीन चौकटी आल्या. दोन रिकाम्या. पहिलीत आधीपासून कोणाचा तरी खेळ साठवलेला होता, आणि वर नाव होतं तीन अक्षरी.

या जुन्या कॅसेटच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. खेळ कुठपर्यंत आला हे तो सेल जपून ठेवतो. काही सेल पाच-दहा वर्षांतच संपतात, पण काही पंचवीस-तीस वर्षंही टिकतात. म्हणजे योकोहामाच्या आसपास कुठेतरी एक मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळत होती. मध्येच थांबली, आणि पुढे कधीतरी ती कॅसेट विकली गेली. ते मूल आता तुमच्या बाबांच्या वयाचं असेल. आम्ही जपानी अक्षरांचा तक्ता मिळवला आणि मधल्या सुट्टीत एकेक अक्षर जुळवून ते नाव वाचलं. त्या दिवसापासून तो तक्ता त्याच्या भूगोलाच्या वहीत आहे. आता तो गेममधलं ‘हो’ आणि ‘नाही’ ओळखतो, ‘तलवार’ ओळखतो, आणि ‘दुकान’ हा शब्द तर सगळ्यात आधी शिकला.

काका म्हणाले होते की सेल बदलून देतो, म्हणजे पुढची बरीच वर्षं बघायला नको. पण सेल काढला की आतलं साठवलेलं सगळं पुसलं जातं. त्याने नको म्हणून सांगितलं. तो दुसऱ्या चौकटीत खेळतो. बाबा मे महिन्यात येणार आहेत, तिसरी चौकट त्यांच्यासाठी ठेवली आहे.